जोते जुने, घर नवे

गेल्या पावसाळ्यात माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांचे सत्तरीतले वडिलोपार्जित घर बसले. ‘बसले’ हाच शब्द आपल्याकडे वापरतात आणि तो बरोबर आहे. मातीचे घर एकदम कोसळत नाही. आधी मागच्या बाजूचा एक वासा कुजला, मग त्यावरची कौले सरकली, मग उघड्या पडलेल्या भिंतीने दोन महिने पाणी पिऊन घेतले, आणि एका रात्री सगळे खाली आले. सुदैवाने घरात कोणी राहत नव्हते. चार भावांपैकी दोघे परदेशी, एक वास्कोला, आणि हे स्वतः फोंड्याला. घर उघडायचे ते चवथीला. चार बिऱ्हाडे पाच दिवस एका चुलीवर जेवायची, गणपती विसर्जन झाला की पुन्हा कुलूप.

राडारोडा उचलल्यावर उरले ते जोते. चिऱ्यांचे, कमरेएवढ्या उंचीचे, एकही चिरा न हललेले. समोर तुळस.

चवथीचा गणपती दुसरीकडे बसवायचा नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे. पुढच्या चवथीआधी जुन्या पद्धतीचे घर उभे राहणार नाही, हे उघड होते. तेव्हा त्यांच्या भाच्याने तोडगा सुचवला. हा भाचा नोकरीनिमित्त सुरतेला असतो, शहराच्या उत्तरेला कोसाड स्टेशनच्या बाजूला राहतो. त्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांची ऑफिसे, कामगारांच्या खोल्या, गोदामे अशी तयार भागांची उभी राहताना त्याने पाहिली होती. लोखंडी सांगाडा, दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या भिंती, सगळे कारखान्यातून मापाने कापून येते आणि काही दिवसांत बोल्ट आवळून उभे राहते. त्याने फोटो पाठवले. गृहस्थ ते फोटो घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, “तुम्ही जुन्या घरांवर लिहिता. सांगा, आमच्या जोत्यावर हे बसेल काय हो?”

मी इंजिनियर नव्हे. तसे सांगितले, आणि एका जाणकाराकडे त्यांना पाठवले. पण प्रश्न माझ्याकडेच राहून गेला. कारण हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही.

आपल्या मुलखात जोते आणि घर या पूर्वापार दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोते दगडाचे, गवंड्याचे काम. घर लाकडाचे, सुताराचे काम. दोघांची आयुर्मर्यादा वेगळी, आणि हे बांधणाऱ्याला ठाऊक असायचे. गोव्यात जोते उंच करतात ते पावसामुळे. बाहेरून चिऱ्यांची भिंत, आत माती भरून चोपलेली, वर शेणाने सारवलेली किंवा पुढच्या काळात फरशी घातलेली जमीन. ओल वर चढू नये, पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या मुळाशी साचू नये आणि सापकिरड्याला जरा त्रास पडावा, इतकाच त्याचा हेतू. वरचे वासे आणि कौले दर पिढीत बदलली जायची. जोते कोणी बदलत नसे.

देशावरच्या वाड्यात ही विभागणी आणखी स्वच्छ दिसते. दगडी जोत्यावर ओळीने तळखडे बसवायचे. तळखडा म्हणजे लाकडी खांबाच्या पायाखालचा घडीव दगड. त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. घर किती मोठे हे खणांत सांगायचे, फुटांत नव्हे. खणाचे माप एकदा ठरले की सुतार आपल्या कामाच्या जागी जमिनीवरच सगळी लाकडे कापून, एकाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसेल असे तासून तयार ठेवू शकतो. मग जोत्यावर नेऊन नुसते जुळवायचे. भिंती नंतर भरतात, त्यांच्यावर भार नसतो. कारखान्यातून येणारे घर याहून वेगळे काय करते? लाकडाच्या जागी लोखंड आले, खुंटीच्या जागी बोल्ट आला. खण मात्र तोच आहे, त्याला आता मॉड्यूल म्हणतात.

या विभागणीचा सर्वांना ठाऊक असलेला पुरावा पुण्यात उभा आहे. खरे तर आडवा आहे. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. खर्च १६,११० रुपये. साग जुन्नरच्या जंगलातला, दगड चिंचवडच्या खाणींचा, चुना जेजुरीचा. सगळा वाडा दगडी करण्याचा बाजीरावांचा बेत होता, पण दगडी वाडा छत्रपतींनीच बांधावा असा साताऱ्याहून आक्षेप आला आणि म्हणून वरचे मजले विटालाकडाचे झाले, अशी एक कथा सांगतात. कथेत किती तथ्य आहे ते बाजूला ठेवू. वाडा जोत्यापर्यंत दगडाचा आणि वर लाकडाचा होता एवढे खरे, आणि त्याचे पुढे जे झाले ते त्यामुळेच झाले. १८०८ ते १८१३ या काळात वाड्याला आगी लागल्या, आणि १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेली आग कित्येक दिवस जळत राहिली. वरचे सगळे गेले. तटबंदी, दरवाजे, कारंज्यांचे हौद आणि जोती उरली.

लाकडी सांगाड्याच्या शहरांची ही जुनी दुखणी. पुण्यानंतर नऊच वर्षांनी, एप्रिल १८३७ मध्ये, सुरत अशीच पेटली आणि नऊ हजारांवर घरे खाक झाली. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी तापीचा महापूर आला तो वेगळाच.

शनिवारवाड्याच्या कथेतला मला जास्त रस असलेला भाग आगीनंतरचा आहे. इंग्रजांनी ती जागा मोकळी ठेवली नाही. पेशव्यांच्या वाड्याच्या आवारात तुरुंग आला, दवाखाना आला, वेड्यांचे इस्पितळ आले, कोर्टकचेऱ्या आल्या. नवी घरे, जुने जोते. विसाव्या शतकात वाडा संरक्षित स्मारक ठरल्यावर या इमारती काढल्या गेल्या आणि १९२३ पर्यंत उत्खनन करून खालची मूळ जोती मोकळी केली. आज आपण तिकीट काढून पाहतो ती ही जोती. म्हणजे त्या जागेने पेशव्यांचे घर सांभाळले, सरकारी कचेरी सांभाळली, आणि दोन्ही गेल्यावर आपण स्वतःच पाहण्याची वस्तू झाली.

पणजीत मांडवीकाठी याच्या उलट घडले. आदिलशहाचा वाडा पोर्तुगीजांनी १५१० मध्ये घेतला, तो मोडला नाही, वापरला. वेळोवेळी डागडुजी आणि फेरबदल होत गेले. १७५९ मध्ये विजरई तिथे राहायला आले. मुक्तीनंतर तेच सचिवालय झाले आणि २००० साली विधानसभा पर्वरीला जाईपर्यंत आपले कायदे त्याच छपराखाली झाले. त्या इमारतीत आज आदिलशाही किती, पोर्तुगीज किती, असा हिशेब मांडायला बसलात तर हाती फारसे लागणार नाही. नाव मात्र अजून आदिलशहाचे.

आता तयार घराकडे वळू. इथे पोर्तुगीज आपल्या समजुतीपेक्षा बरेच आधीचे निघतात. १४८२ मध्ये, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या सोळा वर्षे आधी, दियोगु द आझांबुजा हा सरदार पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एल्मिना येथे किल्ला बांधायला गेला तेव्हा घडवलेले दगड, लाकूड, कौले, खिळे आणि चुना सगळे लिस्बनहून जहाजात भरून नेले होते, शिवाय शंभरेक गवंडी आणि सुतार. किल्ला आठवड्यांच्या हिशेबात उभा राहिला. परक्या भूमीवर घाईने घर उभारायचे तर ते आधीच घडवून न्यावे, हे सूत्र तेव्हापासूनचे.

पुढे इंग्रजांनी लोखंडात तेच केले. मुंबईचे वॉटसन हॉटेल, आताची एस्प्लनेड मॅन्शन, हिचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला गेला आणि १८६७ ते १८६९ या काळात काळा घोड्याजवळ जोडला गेला. १८९६ च्या जुलैत लुमिएर बंधूंचा चित्रपट हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवला तो इथेच. पण मला गंमत वाटते ती वेगळ्याच तपशिलाची. जोत्याचा तांबडा दगडसुद्धा साहेबाने इंग्लंडातल्या पेनरिथहून मागवला होता! मुंबईच्या दगडावर त्याचा विश्वास नसावा, किंवा आपले घर आपल्याच जोत्यावर बसावे असे त्यालाही वाटत असावे.

आणि मापुटोचे लोखंडी घर. जुन्या लोरेन्सु मार्किशमध्ये नोकरीधंद्याला गेलेल्या कितीतरी गोवेकरांनी ते पाहिले असेल. १८९२ मध्ये गव्हर्नरसाठी बेल्जियममधून पत्र्यांच्या तयार पट्ट्या आणून ते उभे केले. लोक ते आयफेलचे म्हणून दाखवतात, पण पद्धत दान्ली नावाच्या बेल्जियन कारखानदाराची. घर झाले, आणि आफ्रिकेच्या उन्हात आत बसवेना. गव्हर्नर काही तिथे राहिला नाही. पुढे तर ते मूळ जागेवरून हलवून दुसरीकडे मांडले. जोत्याशी त्याचे नाते तेवढेच होते.

इथवर मी आमच्या गृहस्थांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे बसेल!” मी म्हटले, थांबा. जाणकार काय म्हणतात ते ऐका.

जाणकारांनी जे सांगितले ते मला इतिहासाच्या पुस्तकांपेक्षा जास्त शिकवून गेले. पहिली गोष्ट, जुने जोते चौकोनी नसते. ते हात आणि वीत या मापांनी, दोरी ताणून, डोळ्याच्या अंदाजाने बांधलेले. चारही बाजू बरोबर भरल्या तरी कोपरे काटकोनात असतील असे नाही. ते तपासायचे तर दोन्ही कर्ण मोजायचे. या घराचे मोजले तेव्हा एक कर्ण दुसऱ्यापेक्षा नऊ इंच मोठा निघाला. मातीच्या भिंतीला नऊ इंचांचे काही नसते, गवंडी ते भिंतीत जिरवून टाकतो. कारखान्यातून आलेल्या लोखंडाला अर्धा इंचही जिरवता येत नाही, बोल्टाचे भोक बोल्टासमोरच यावे लागते.

दुसरी गोष्ट भाराची. जुने घर जोत्यावर आपला भार लांब भिंतींतून सगळीकडे सारखा पसरून ठेवते. लोखंडी सांगाड्याचा भार मोजक्या खांबांखाली, वीतभर पत्र्यावर येतो. चिरा तो सहज पेलेल. पण चिऱ्यांमधला मातीचा सांधा, आणि आतली शंभर वर्षांपूर्वी चोपलेली भर? तिच्यात उंदीरघुशींनी काय केले आहे, वाळवी कुठवर गेली आहे, कोण सांगणार.

तिसरी गोष्ट मला सुचलीच नसती. तयार घर हलके असते. जुन्या घराच्या बाबतीत जोत्याने वरचे ओझे पेलायचे असते. हलक्या घराच्या बाबतीत जोत्याने घर धरून ठेवायचे असते, कारण वादळात पत्रा वर उचलला जातो. तौक्ते वादळ २०२१ च्या मे महिन्यात आपल्या किनाऱ्यावरून गेले तेव्हा किती छपरे उडाली ते आपण पाहिले आहे. मातीत बसवलेल्या चिऱ्यांना वरून दाबलेले चालते, उपटलेले चालत नाही.

त्यामुळे तोडगा निघाला तो असा: खांब जोत्यावर ठेवायचेच नाहीत. जोत्याच्या आतल्या भरावात खांबाखांबाशी खड्डे घ्यायचे, ते खालच्या घट्ट जमिनीपर्यंत न्यायचे, तिथे काँक्रीटचे पाय घालायचे, आणि ते सगळे वर सळ्यांच्या काँक्रीटच्या पट्ट्याने एकमेकांना बांधायचे. म्हणजे घर दिसेल जोत्यावर, पण उभे असेल जोत्यातून खाली उतरून. गृहस्थ जरा खट्टू झाले. “मग जोत्यावर कसले, जोत्यात म्हणा,” असे पुटपुटले.

मला त्या वेळी कुर्डी आठवले.

सांगे तालुक्यातले कुर्डी गाव साळावली धरणाच्या पोटात गेले हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मोगूबाई कुर्डीकरांचे हे गाव. सुमारे तीन हजार वस्तीचे, देवळे, चॅपेल आणि मशीद असलेले, भात, नारळ आणि काजूंचे. गावकऱ्यांना वाडे आणि वालकिणी इथल्या वसाहतींत जमिनी दिल्या, आणि १९८६ च्या सुमारास पाणी चढले. धरणाचे पाणी दक्षिण गोव्याच्या नळांना गेले. ज्यांनी गाव दिले त्यांच्या वसाहतींना मात्र कितीतरी वर्षे विहिरींवर भागवावे लागले.

दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की मे महिन्यात कुर्डी वर येते. काय वर येते? जोती. लाकूड लोकांनी जातानाच उतरवून नेले होते, उरल्या मातीच्या भिंती पहिल्याच पावसात विरघळल्या. चिऱ्यांची जोती, पायऱ्या, विहिरींचे कठडे, तुळशीची ओटी तेवढी आहेत. माणसे येतात, सोमेश्वराच्या जागी उत्सव करतात, चॅपेलच्या जागी फेस्त होते. आणि प्रत्येक जण आपल्या जोत्यावर जाऊन उभा राहतो. म्हातारी माणसे नातवंडांना दाखवतात, इथे चूल होती, इथे सोपा, इथे मी जन्मलो. भिंत एकही नाही, पण कोणी चुकत नाही. मग पाऊस सुरू होतो आणि गाव पुन्हा खाली जाते.

त्याच कुर्डीचे महादेवाचे देऊळ मात्र बुडाले नाही. दहाव्या-अकराव्या शतकातले हे दगडी देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड दगड सुटा करून काढले आणि सुमारे सतरा किलोमीटरवर, धरणाजवळच्या उंच जागी पुन्हा जुळवले. या कामाला कित्येक वर्षे लागली. गावातली जांभ्यात कोरलेली मातृदेवीची भली मोठी मूर्ती वेर्ण्याला नेली. आज ते देऊळ पाहायला गेलात तर सगळे चिरे, सगळे थर जिथल्या तिथे आहेत. पण ते नव्या जोत्यावर जुने घर आहे. आणि खाली पाण्यात जुनी जोती घराविना आहेत. मला विचाराल तर देऊळ वाचले याचा आनंद आहेच, पण कुर्डीकर मे महिन्यात पाण्याकाठी ज्यासाठी जातात ते या देवळात उचलून आणता आले नाही. दगडांवर क्रमांक घालता येतात, नातवंडाला ‘इथे चूल होती’ म्हणून दाखवायच्या जागेवर कसा घालणार?

सुरतेच्या भाच्याशी फोनवर बोलताना हा विषय निघाला तेव्हा त्याने त्याच्या बाजूची गोष्ट सांगितली. तापीवर वर उकाई धरण आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा बहुतेक भाग बुडाला. त्यानंतर नदीकाठच्या झोपडवस्त्या हलवण्याचा जोर वाढला, आणि त्यातल्या कितीतरी कुटुंबांना महापालिकेने कोसाडला बांधलेल्या मोठ्या आवास वसाहतीत घरे दिली. तापीच्या पलीकडे, कामापासून दूर. सुरतेत मागावर आणि गिरण्यांत काम करणारे खानदेशी लोक पुष्कळ, त्यामुळे मराठी त्या शहरात जागोजागी कानावर पडते. भाच्याच्या ओळखीची एक खानदेशी बाई त्याला म्हणाली होती, घर पक्के आहे, पाणी येत नाही, पण माझ्या घराखाली दुसऱ्याचे घर आहे. तो हसत हसत सांगत होता. मला काही हसू आले नाही. नदीकाठी तिची झोपडी कच्ची होती, दर पुरात भिजत होती, पण तिच्या पायाखालचा हातभर ओटा तिने स्वतः लिंपलेला होता.

आमच्या गृहस्थांच्या जोत्याची गोष्ट आणखी एका कारणाने नाजूक होती. सर्व्हेच्या नकाशात घराची आकृती आहे ती त्या जोत्याची. जमीन चौघांच्या सामाईक नावावर. जुने जोते मोडून थोडे बाजूला नवे घर बांधावे तर परवानग्यांचा सगळा फेरा पहिल्यापासून, शिवाय एका भावाचे वकील. जोत्याच्या आत राहिले तर निदान कोणाला हरकत घ्यायला जागा कमी. गोव्यात १९७५ चा मुंडकार कायदा झाल्यापासून तर घर कुठे होते आणि किती होते, या प्रश्नावर पिढ्या कोर्टात गेल्या आहेत. पडक्या घराचे जोते रानाने गिळू नये म्हणून दरवर्षी ते साफ करून ठेवणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना तिथे राहायचे नसते. ‘आमचे होते’ हे दिसत राहावे एवढ्यासाठी.

शेवटी काय झाले ते सांगतो. नऊ इंचांचा घोळ सुटेना तेव्हा जाणकारांनी घरच लहान केले. जोत्याच्या आत बसेल असा नेमका काटकोनी आयत आखला, आणि चारही बाजूंनी जोत्याची जी कडा उरली ती तशीच मोकळी ठेवली. कुठे ती दोन फूट आहे, कुठे पावणेतीन. पुढच्या बाजूला जास्त सोडली, तिथे सोपा झाला. वरून पत्रा आला, पण गृहस्थांच्या हट्टाने त्यावर लोखंडी पट्ट्या मारून जुनी मंगळुरी कौले चढवली. वजन वाढले म्हणून जाणकार कुरकुरले, मग त्यांनीच हिशेब करून दोन खांब वाढवले. पत्र्याच्या आवाजाने पावसात बोलता येत नाही ही भीती कौलांनी बरीच कमी केली.

एक गोष्ट राहिली होती. जुन्या देवखोलीचा कोपरा नव्या आयताच्या बाहेर पडत होता. गणपती जिथे बसायचा ती जागा आता भिंतीबाहेर, कडेवर. दोन दिवस घरात यावरून बोलणे झाले. मोठ्या वहिनींनी निकाल दिला: भिंत तिथे पुढे काढा, तेवढाच एक खण. कारखान्याच्या माणसाने आधी नाही म्हटले, मग मापे पाठवायला सांगितली.

तो एक खण मी अजून पाहिलेला नाही. चवथीला या म्हणून निरोप आला आहे.